मायक्रॉन नाना

नाशिकमधल्या निवृत्त माणसाची जात त्याच्या कंपनीवरून ओळखावी. प्रेसवाल्याच्या हातात नोट आली की तो ती आधी उजेडाकडे धरतो आणि मगच खिशात घालतो. १९६४ साली मिगच्या कारखान्यामुळे जन्माला आलेला ओझरचा एचएएलवाला आकाशात घरघर ऐकली की चहाचा कप खाली ठेवतो, मान वर न करता 'सुखोई' एवढंच म्हणतो आणि पुन्हा कप उचलतो. तिसरी जात मायकोवाल्यांची. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण चौक मायको सर्कलच राहिला आणि आमचे नाना मायकोवालेच राहिले.

मायकोत डिझेल इंजिनाची नोझल्स बनत. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट असते दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड, म्हणजे तो उभा चिरून वीस भाग केले तर त्यातला एखादा त्या फटीत जाईल. ही फट तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, तो घरी बसल्यावर काय करणार? घर तपासणार.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत नानांना सगळे मायक्रॉन नाना म्हणतात, आणि नाना ते पदवीसारखं मिरवतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसेल, पण व्हर्नियर असतोच. एकदा त्यांनी पोळीची जाडी तीन ठिकाणी मोजली आणि 'टेपर आहे' असा शेरा दिला. पुढचा आठवडाभर नानींनी त्यांना ब्रेड वाढला, टेपर नसलेला.

अशा घरात मुलीचा फोन आला की बाबा, बाथरूमला काचेचं दार बसवून घ्या, म्हणजे अंघोळीचं पाणी तिकडेच राहील आणि आई सारखी वायपर मारणार नाही. नाना म्हणाले, "बसवू की." नानी लगेच आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पंधरा-वीस दिवस तुमच्याकडे अंघोळीला आले तर चालेल ना?"

अंबड लिंक रोडचा काचवाला आला. पोरगा तरणा, पण हात तयार. त्याने टेप लावून मापं सांगितली. वर ७७१, मध्ये ७६४, खाली ७५७. मग म्हणाला, "नाना, भिंत ओळंब्यात नाही. साडेचार सूत मारते."

"चौदा मिलिमीटर," नाना पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चौदा हजार मायक्रॉन!" इतका मोठा दोष त्यांना उभ्या नोकरीत सापडला नव्हता, आणि तो घरच्या घरी, फुकटात मिळाला होता.

"चालतंय नाना," पोरगा म्हणाला. "नव्या फ्लॅटलाही दोन-तीन सूत जातातच. गवंडी हाताच्या अंदाजाने गिलावा मारतो, वरून टाइल्सवाला मसाला चढवतो. मसाला जाड पडला तिथं भिंत पुढं येते. खालचं माप धरतो, काच सरळ कापतो, वरच्या फटीत सिलिकॉन भरून टाकतो."

"सिलिकॉन भरून टाकतो?" नाना उठून उभे राहिले. "अरे, आम्ही मायकोत सिलिकॉन भरलं असतं तर देशातले निम्मे ट्रक आजही कसारा घाटात उभे असते."

पोरगा हसला, पण नानांच्या म्हणण्यात दम होता. दाराची कड भिंतीला चिकटवून कसं चालेल? दार उघडायला नको? शिवाय ही काच टफन केलेली. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने एकदम गार करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागाहून, आणि त्या ओढाताणीतून तिची ताकद येते. पण एकदा भट्टीतून बाहेर पडली की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. तसा हट्ट धरला तर क्षणात बारीक खड्यांचा ढीग होतो. म्हणून मापं, भोकं, खाचा, जे काय असेल ते आधी.

पोरगा हे सांगत असताना नानी चहा घेऊन आल्या. "आमच्याकडे आहे असलं एक," त्या म्हणाल्या. "सदतीस वर्षं झाली."

दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये तपासणी विभाग सुरू झाला. छताला ओळंबा टांगला, कोपऱ्यात गुण्या धरला, लेव्हल पाइपमधले बुडबुडे झटकताना नानींच्या साडीवर पाणी उडालं. निष्कर्ष असा निघाला की डावी भिंत ओळंब्यात आहे आणि गुन्हेगार उजवी आहे. म्हणून बिजागऱ्या डावीकडेच हव्यात. काच आठ मिलिमीटरची, म्हणजे चौरस मीटरला वीस किलो आणि अख्खं दार तीस किलोच्या घरात. ते तिरक्या भिंतीवर टांगलं तर आपल्या मनाने उघडणार, नाहीतर आपल्या मनाने लागणार.

"पण डावीकडे टॉवेलचा दांडा आहे," नानी म्हणाल्या.

"टॉवेल हलवता येतो," नाना म्हणाले, "गुरुत्वाकर्षण हलवता येत नाही."

काचवाल्याशी तह झाला. बिजागरीची कड सरळ ठेवायची, समोरची कड भिंतीच्या तिरकेपणाने कापायची आणि दोघांत वरपासून खालपर्यंत पाच मिलिमीटरची एकसारखी फट सोडून तिथं रबराची पट्टी लावायची. नानांनी प्लायवुडचा साचा केला. सोबत ड्रॉइंग दिलं, त्यावर 'अधिक-उणे ०.०५' असं लिहिलं. पोरग्याने ते वाचलं, घडी करून मागच्या खिशात घातलं आणि आपल्या वहीत नोंद केली, 'इंदिरानगर, बाथरूम, नाना डेंजर'.

काच आली. पोरग्याने खाली प्लॅस्टिकच्या चकत्या सरकवल्या, एक डोळा मिटला, एक चकती काढली, दुसरी घातली, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळले. त्याने ओळंबा मागितला नाही की लेव्हलही. "बघा नाना," म्हणाला आणि बाजूला झाला.

नाना फीलर गेज घेऊन वाकले. वर, मध्ये, खाली, पुन्हा वर. कुठंही अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक नव्हता. नानांनी पोरग्याच्या त्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं. डोळ्याला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नव्हतं, त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली. शेवटी म्हणाले, "पास." मायकोत या एका शब्दासाठी माणसं अख्खी पाळी ताटकळायची. पोरगा मात्र म्हणाला, "उद्यापर्यंत पाणी लागू देऊ नका, सिलिकॉन सुकू द्या. आणि ऑनलाइन देणार की कॅश?"

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दार शंभर टक्के सरळ उभं राहिलं, आणि त्याच्या सरळ कडेशेजारी मागच्या भिंतीवरच्या टाइल्सच्या रेघा तिरक्या आहेत हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसू लागलं. आता टाइल्सवाल्याला बोलावणं गेलंय. त्यातून उजवी भिंतही सरळ झालीच, तर काचेची तिरकी कापलेली कड नव्या भिंतीशी जुळणार नाही हे नानांना माहीत आहे. त्यासाठी दुसऱ्या साच्याचं प्लायवुड आणूनही ठेवलंय.

नानी अजून आमच्याकडेच अंघोळीला येतात आणि २०२७ च्या सिंहस्थाची चौकशी करतात. रामकुंडावर दार नाही, बिजागरी नाही, आणि व्हर्नियर घेऊन बुडी मारता येत नाही.