किलोवर की ग्रॅमवर?

आमच्या मामांचा जळगावला भंगाराचा धंदा. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की ते वजन सांगतात आणि वजन सांगून होतंय तोवर भाव पाडतात. अशा माणसाला मोरोक्कोच्या सहलीला नेऊ नये, असं मामींचं स्पष्ट मत होतं. पण मामांच्या वाचनात आलं की जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात मंगळावरून आलेला एक दगड 53 लाख डॉलरना गेला. वजन साडेचोवीस किलोंच्या वर, मूळ मुक्काम नायजरचं वाळवंट. मामांनी मनातल्या मनात गुणाकार-भागाकार केला. "म्हणजे किलोला पावणेदोन-दोन कोटी! आणि आपण बसलोय बिडाच्या भावावर." झालं, सहारा ठरला.

मराकेशहून अ‍ॅटलास पर्वत ओलांडून एर्फूदला पोचेपर्यंत दिवस संपतो आणि कंबरही. हे गाव खजुरांसाठी आणि जीवाश्मांसाठी प्रसिद्ध. हॉटेलच्या बेसिनमध्येसुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंखधारी जीव कापून, घासून, चकचकीत करून बसवलेले. मामांनी त्यांच्यावर दात घासताना थुंकायचं नाकारलं. "पूर्वज आहेत रे!" बाजारात पाऊल टाकलं की "इंडिया? शाहरुख खान!" अशी हाक येते आणि पाठोपाठ एक बंद मूठ पुढे येते. मुठीत दगड. तो चंद्रावरचाच असतो, कारण पृथ्वीवरचे दगड एर्फूदमध्ये कुणी मुठीत धरत नाही.

उल्का काही सहारा बघून पडत नाहीत, त्या सगळीकडेच पडतात. पण त्यांच्यातल्या बहुतेकींत लोह-निकेल असतं आणि लोखंडाचा वैरी पाणी. कोकणात पडलेली उल्का तुलनेने लवकर गंजून मातीला मिळते. इथे पाऊस नावापुरताच, त्यामुळे ती हजारो वर्षं टिकून राहते. शिवाय फिक्या रंगाच्या सपाट जमिनीवर काळा दगड लांबूनही दिसतो.

पण आम्हाला नेलं त्या माळावर सगळेच दगड काळे होते. उन्हावाऱ्याने त्यांच्यावर काळपट लेप चढलेला. मामांनी फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक काठीच्या टोकाला बांधून आणला होता. दगड दिसला की ते काठी टेकवत, गणपती काही चिकटत नसे आणि मामा पुढच्या दगडाकडे वळत. गाइडने शेवटी हात जोडले. दगडाच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची खूण असते, जोरदार चुंबक लावला की ती पुसली जाते, शास्त्रज्ञ त्यावरून फार चिडतात, असं त्याने समजावलं. मामा म्हणाले, "त्याला सांग, हा गणपती आहे, विघ्नं हरतो, खुणा नाही."

तेवढ्यात मामींना एक सापडलं. लांबट, गुळगुळीत, वरून काळं चकचकीत, वातावरणातून जळत आल्यावर उल्केवर जसं पातळ कवच चढतं अगदी तसं. सगळे जमले. मामांनी ते तळहातावर घेतलं, एकदा झेललं आणि शांतपणे म्हणाले, "वजन नाही." गाइडने दूरच्या उंटाकडे बोट दाखवलं. मामींनी उरलेली सहल हात धुण्यात काढली.

संध्याकाळी एका व्यापाऱ्याच्या अंगणात पुदिन्याचा चहा झाला. हातभर वरून पेल्यात चहा ओतत त्याने धंदा समजावला. गुरं राखणारे भटके लोक दगड गोळा करतात, गावोगावचे छोटे खरेदीदार ते उचलतात, मग एर्फूद, आणि तिथून अमेरिकेतल्या टूसानच्या नाहीतर फ्रान्समधल्या एन्सिसहाइमच्या बाजारात संग्राहकांच्या हाती. 18 जुलै 2011 ला मोरोक्कोतल्या तिसिंत गावाजवळ मंगळाचा दगड पडला, तेव्हा याच साखळीतून तो ग्रॅमला शेकडो डॉलरच्या भावाने गेला. एक किलोहून मोठा तुकडा लंडनच्या संग्रहालयाने घेतला.

"आणि साधा माल?" मामांनी विचारलं.

व्यापाऱ्याने कोपऱ्यातलं पोतं ओढलं. साध्या, वर्गीकरण न झालेल्या उल्का. "हा किलोवर."

किलो हा शब्द ऐकताच मामांचा चेहरा उजळला. ते मांडी घालून बसले, एकेक दगड उन्हाकडे धरून फिरवू लागले आणि तपकिरी डाग दिसला की "गंज!" म्हणून बाजूला टाकू लागले. व्यापारी आधी हसला, मग गप्प झाला. कारण गंज किती चढलाय यावर उल्केची प्रतवारी खरोखरच ठरते आणि भावही उतरतो. एक तुकडा मामांनी नुसता पाहिला आणि परत केला. "आत बुडबुडे आहेत. ही भट्टीची मळी." व्यापाऱ्याने दुसरा चहा मागवला.

गाडी अडली ती कागदावर. दगडाला अधिकृत नाव हवं तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो, 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, जे कमी असेल ते. मग 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' आणि पुढे एक क्रमांक मिळतो, कारण नेमका कुठे सापडला हे सहसा कुणी सांगत नाही.

"लहान तुकड्याला वीस टक्के अडत?" मामा ताडकन उठले. "आमची मार्केट कमिटी परवडली!"

मामांनी काहीच घेतलं नाही. मामींनी खजूर घेतले.

तुम्ही गेलात तर एवढं करा. मुठीतला चंद्र घेऊ नका. क्रमांक सांगितला तर तो अधिकृत यादीत तपासा आणि दगड देशाबाहेर न्यायची परवानगी कोण काढणार ते आधी ठरवा. आणि आपल्या शेतात कधी आकाशातून दगड पडलाच, तर चुंबक न लावता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या उल्का तेच सांभाळतात. भाव मात्र विचारू नका.