नगरसेवक नसलेलं शहर

पुण्याजवळच्या लवासाला आपण शहर म्हणत आलो. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी दासवेत रंगीत इमारती उभ्या राहिल्या, रस्ते झाले, हॉटेलं आली. नगरसेवक तेवढा आला नाही.

तो कशाला हवा? महापालिकेच्या कर्जरोख्यांचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

हा वकील इमारती बघत नाही, कागद मागतो. कर्ज काढायचा अधिकार कोणत्या कलमाखाली? सर्वसाधारण सभेचा ठराव कुठाय? राज्य सरकारची मंजुरी? मिळकतकराचा पैसा आधी कोणत्या खात्यात पडणार, आणि त्याला हात कोण लावू शकणार? ठरावातली रक्कम आणि करारातली रक्कम जुळली नाही की फाइल परत. अधिकारी वैतागतात. वैतागू देत. फेडायचं आहे ते तुमच्या-माझ्या करातून.

जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले. मुदत दहा वर्षं, व्याज ७.५९ टक्के. सभागृहात आरडाओरडा झाला. व्हायलाच हवा होता!

पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटी उभे केले, तेव्हा निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासकाची सही कायद्याला चालते. मला खुपते.

आणि लवासा? ते बांधलं खासगी कंपनीने. २००८ मध्ये सरकारने तिथे कंपनीचीच माणसं असलेलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे बांधणारी कंपनी आणि नकाशे मंजूर करणारं प्राधिकरण एकाच घरातलं. हा दर्जा काढायला २०१७ उजाडलं.

कर्ज कोणाच्या नावावर? कंपनीच्या. ठराव कोणाचा? संचालकांचा. राहणाऱ्याला कोणी विचारलं? कशाला विचारतील, तो तर गिऱ्हाईक!

कंपनीचं दिवाळं निघतं. गावाचं निघत नाही. पुढच्या वर्षीही घरपट्टीचं बिल येतं. रोख्यांना खरा आधार त्या बिलाचाच असतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये लवासाचं प्रकरण दिवाळखोरीत गेलं. जुलै २०२३ मध्ये कंपनी सावरण्याची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. तीही फिसकटली.

दासवेत फ्लॅट घेणाऱ्याने आधी पैसे भरले, मग दाव्याचा फॉर्म भरला. कायद्याने तोही आता धनको. बँकांच्या रांगेत उभा. घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला त्याच्याच खात्यातून कापला जातो.