काजव्याची बाजू

भर उन्हात फ्लॅश मारणाऱ्याला लग्नातला कुठलाही काका एकच प्रश्न विचारतो : "एवढं लख्ख ऊन पडलंय, बॅटरी कशाला जाळतोस?" सूर्यापुढे काजवा कशाला, असा एकूण सूर.

पण मे महिना, साडेबाराचा मुहूर्त आणि मंगल कार्यालयाचं उघडं अंगण असा योग जुळून आला की काय होतं, ते फोटोत बघावं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सावली नाहीशी होते म्हणतात. नाहीशी कसली, ती वऱ्हाडाच्या डोळ्यांखाली येऊन बसते! नवरदेवाचं नाक तेवढं तळपतं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. नवरीच्या मुंडावळ्यांतला मोती न् मोती मोजून घ्यावा, पण चेहरा कोणाचा म्हणून विचाराल तर अंदाजाने सांगावं लागतं. चेहरा उजळायला एक्स्पोजर वाढवावं, तर शालू भट्टीतून काढल्यासारखा पांढराफटक.

अशा वेळी काजवा कामी येतो. त्याने सूर्याशी स्पर्धा करायची नसते, एक-दीड स्टॉप खाली राहून फक्त खड्डे बुजवायचे असतात. फ्लॅश मारलाय हे कळलं, की तो जास्त झाला. बुबुळात एक बारीक ठिपका चमकला आणि नवरी जिवंत दिसली, की काम झालं.

अडचण अशी, की काजव्याच्या अटी फार. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर 1/200 किंवा 1/250 च्या पुढे नेलं, की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंक लावावा, तर फ्लॅशचा दम निम्म्याहून जास्त तिथेच जातो. म्हणजे आयएसओ 100, शटर 1/200 आणि कडक उन्हात एफ/11. कॅमेऱ्यातून टुणकन वर येणाऱ्या फ्लॅशचा गाईड नंबर साधारण 12. बाराला अकराने भागा : पूर्ण जोर लावून सूर्याची बरोबरी जेमतेम मीटरभर. स्टॉपभर खाली राहायचं म्हटलं तरी दीड मीटर. एवढ्या जवळून नवरीची नथ सुरेख येते, वऱ्हाड मावत नाही.

वऱ्हाडासाठी मोठा फ्लॅश आणावा, तर गणित आडवं येतं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेला, त्याला दोन पावलं मागे-पुढे सारखीच. फ्लॅशचं तसं नाही. अंतर दुप्पट झालं, की उजेड पाव. त्यामुळे पुढे मांडी घालून बसलेली चिल्लीपिल्ली झळाळतात आणि मागच्या रांगेतले मामा अंधारात राहतात. आपला मान राखला गेला नाही अशी मामांची तक्रार मुहूर्ताआधीपासून असतेच. अल्बम आला, की पुरावाही हाती येतो.