प्लॅनिंगकाका उलुरूला निघतात

सिडनीच्या मराठी गोतावळ्यात असा एक काका असतोच. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे, भारतात जाणाऱ्यांच्या बॅगा वजनकाट्यावर चढवायचं कामही त्याच्याकडे. ‘ईस्टरला उलुरू करूया का?’ असं कुणीतरी भाकरी मोडता मोडता बेसावधपणे बोलून जातं आणि रात्रीतून व्हॉट्सॲपवर ग्रुप उगवतो: ‘उलुरू अंतिम’. चार दिवसांनी ‘उलुरू अंतिम सुधारित’. सोबत एक्सेलची फाइल. त्यात थेपले आणि शेंगदाण्याच्या चटणीला स्वतंत्र पान.

काकांचा हिशेब सोपा असतो. ‘348 मीटर उंचीचा एक दगड. त्याला बघायला कितीसा वेळ लागतोय? अर्धा दिवस!’ मग उरलेल्या अडीच दिवसांत ते काटा जुटाचे 36 दगडी घुमट, किंग्ज कॅन्यन आणि ॲलिस स्प्रिंग्ज बसवतात. नकाशावर ॲलिस स्प्रिंग्ज बोटभर अंतरावर असतं. रस्ता साडेचारशे किलोमीटरचा निघतो. वाटेत टपरी नाही, एखाद-दुसरं रोडहाउस. अंधार पडला की समोर कांगारू, नशीब जोरात असेल तर रानटी उंट. भाड्याच्या गाडीच्या करारातली रात्रीच्या प्रवासाबद्दलची बारीक अक्षरं काकू मोठ्याने वाचून दाखवतात, तेव्हा कुठे ॲलिस स्प्रिंग्ज फाइलमधून गळतं.

मग घड्याळाचं प्रकरण. उलुरू ज्या नॉर्दर्न टेरिटरीत आहे, तिथे घड्याळं पुढेमागे करत नाहीत. त्यामुळे सिडनी तिथल्यापेक्षा कधी अर्धा तास पुढे, तर कधी दीड तास. आणि ईस्टर काही वर्षी या घड्याळात येतो, काही वर्षी त्या. काकांच्या सूर्योदयाला कंसात दोन वेळा असतात. तिसरी मुंबईची. तिथल्या भावाला फोटो वेळेत पोचायला हवेत ना!

खरा घाव पुढे बसतो. ‘शिखरावर समूहछायाचित्र, सकाळी 7.30’ ही ओळ काकांनी कुणाच्या तरी जुन्या सहलीवरून उतरवून घेतलेली. पोरगी शांतपणे सांगते, ‘बाबा, चढाई बंद आहे. 26 ऑक्टोबर 2019 पासून.’ 1985 साली त्याच तारखेला ही जमीन तिच्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत मिळाली होती. त्यांच्या लेखी हा दगड पवित्र. ‘चढू नका’ अशी विनंती ते कित्येक वर्षं करत होते आणि लोक त्या विनंतीच्या पाटीशेजारूनच वर जात होते. ड्रोनलाही मज्जाव. काही जागांचे तर फोटोसुद्धा काढायचे नाहीत.

‘मग तिथे जाऊन करायचं काय?’ काका हताश.

‘अहो, तुळजापूरला कळसावर चढून बसता का?’ काकू म्हणतात. ‘प्रदक्षिणा घालायची.’

काकांचा चेहरा उजळतो. दगडाभोवतीची पायवाट 10.6 किलोमीटरची, चालायला साधारण साडेतीन तास. लगेच नवी ओळ: ‘प्रदक्षिणा. उजवीकडूनच. उन्हाआधी पूर्ण.’ उत्साहाच्या भरात आणखी एक: ‘देवघरासाठी छोटा खडा.’ ती मात्र पोरगी पुसते. असे उचलून नेलेले दगड माफीच्या चिठ्ठ्यांसकट टपालाने तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात परत येत असतात. त्यात आपल्या आडनावाची भर नको, असं तिचं मत.

काकांना हसणं सोपं आहे. पण उलुरूजवळच्या यूलारा गावात राहायची सोय मोजकी आणि महाग. महिनोन् महिने आधी खोल्या धरून ठेवणारा हाच माणूस असतो. तीन दिवस चालणारा 38 डॉलरचा उद्यानाचा पास, माश्यांपासून तोंड वाचवणाऱ्या जाळ्या, माणशी पाणी, सगळं त्याच्या फाइलीत असतं. मावळतीला दगड केशरी होतो, मग लाल, मग जांभळट. काका तेवढा वेळ मान खाली घालून ‘सूर्यास्त’समोर बरोबरची खूण करत असतात.

तुम्ही जाणार असाल तर मे ते ऑगस्टमध्ये जा. दिवस सुखाचे, रात्री मात्र कडाक्याच्या, स्वेटर घ्या. नियोजन खुशाल काकांवर सोपवा. फक्त संध्याकाळी सहा वाजता त्यांचा फोन काढून घ्या.