दंतपंक्तीचा बंदोबस्त

मनुष्यदेहातील ज्या अवयवांवर पालकांचा सर्वाधिक द्रव्यव्यय होतो आणि ज्यांच्याविषयी खुद्द देहधारी बालक सर्वाधिक उदासीन असते, ते अवयव म्हणजे दात होत, हे न्यू जर्सीत मुले वाढविणाऱ्या कोणाही मराठी गृहस्थास निराळे पटवून द्यावे लागत नाही. आमच्या चिरंजिवांच्या दातांना तारा बसविण्यात जी रक्कम खर्ची पडली तीत एके काळी मिरजेच्या आमच्या घरावर दुसरा मजला चढला असता. आणि ते दात सरळ मार्गाला लागतात न लागतात तोच चिरंजिवांनी लॅक्रॉसच्या संघात आपले नाव दाखल केले, ज्या खेळात दांड्याला जाळी बांधून भरीव रबरी चेंडू परस्परांच्या दिशेने भिरकाविण्याची राजरोस मुभा असते.

या खेळात, तसेच अमेरिकी फुटबॉल, फील्ड हॉकी आणि आइस हॉकी यांत, माउथगार्डवाचून, म्हणजे दातांवर चढवावयाच्या रक्षक कवचावाचून, शालेय खेळाडूने मैदानात उतरू नये, असे येथील माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय क्रीडामहासंघाचे फर्मान आहे. कुस्तीत मात्र ही सक्ती केवळ तारा बसविलेल्यांना आहे. म्हणजे ज्याचे दात ईश्वरकृपेने मुळातच सरळ आहेत, त्याने ते पाडून घेण्यास कायद्याची हरकत दिसत नाही. फुटबॉलमध्ये तर हे उपकरण पांढरे वा पारदर्शक असता कामा नये, कारण पंचाला ते दुरून दिसले पाहिजे; या एका कलमाच्या आधारे दुकानदारांनी निळ्या-नारिंगी जबड्यांची आणि वाघाच्या सुळ्यांची जी आरास मांडली आहे, तीपुढे उभे राहिले असता आपण मुलाचे दात वाचवावयास आलो की दशावतारी नाटकाचे साहित्य खरेदण्यास, असा संभ्रम पडतो.

वस्तू मूळची मुष्टियोद्ध्यांची. लंडनच्या वुल्फ क्राउझ नामक दंतवैद्याने १८९० च्या सुमारास गटापर्चाच्या, म्हणजे मलायाकडील एका वृक्षाच्या चिकाच्या, पट्ट्या त्यांच्या दातांवर बसविल्या. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्धाच्या अधिकाऱ्यांना मात्र ही सवलत अन्यायाची वाटे. १९२७ साली माइक मॅकटीग याचा ओठ त्याच्याच दाताच्या कपच्याने फाटून हाताशी आलेली लढत त्याला सोडावी लागली, तेव्हा कोठे त्यांचे मन द्रवले. शाळकरी फुटबॉलपटूंवर सक्ती झाली ती १९६२ साली.

निवडीचा प्रश्न उद्भवला तेव्हा आमच्या घरात या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच इसम होता, आणि तो म्हणजे उन्हाळ्यापुरते मिरजेहून आलेले तात्या, माझे वडील. कारण तोंडात घालावयाची आणि काढून ठेवावयाची वस्तू वर्षानुवर्षे सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या कवळीमुळे त्यांनाच काय तो होता. बाजारात माउथगार्ड तीन प्रतींचे मिळतात. पहिला तयार, जो कोणाच्याच तोंडात नीट बसत नाही व जबडा मिटून धरावा तेव्हाच जागेवर राहतो; दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावावयाचा, ज्यावर ‘चहाच्या पातेल्यात तोंडातली वस्तू उकळू देणार नाही’ अशी सौभाग्यवतींची हरकत तत्काळ नोंदली गेली; आणि तिसरा दंतवैद्याने माप घेऊन घडविलेला, अर्थात सर्वांत महाग. तात्यांचा कौल अर्थातच तिसऱ्याला. “मापाचीच घ्या,” ते म्हणाले, “बाजारू वस्तू तोंडात राहत नाही. माप द्यावं, टोचतं तिथं घासून घ्यावं, आठ दिवस शिव्या द्याव्यात, मग ती आपली होते.”

परंतु तारा आवळणाऱ्या तज्ज्ञांनी हा निकाल फिरविला. दात अद्याप चालते आहेत. जूनचे माप सप्टेंबरास लागू पडणार नाही, सबब तारांवर बसणारा, दातांना सरकण्यास वाव ठेवणारा सिलिकोनचा साधा माउथगार्ड घ्यावा, असे त्यांनी फर्मावले. तात्यांनी हे अपील फेटाळले गेल्याचे दुःख गिळून देखरेखीचे खाते स्वतःकडे घेतले. रात्री न्हाणीघराच्या फळीवर कवळीचा पेला आणि माउथगार्डची भोकांची डबी शेजारी शेजारी विराजू लागली. थंड पाण्याने धुणे, डबीत ठेवणे आणि कुत्र्याच्या तोंडापासून दूर राखणे, एवढी त्रिकाल संध्या ते नातवाकडून नियमाने करवून घेऊ लागले.

एवढा बंदोबस्त करूनही एक शत्रू घरातच राहिला, तो म्हणजे ज्यांच्या रक्षणार्थ हा खटाटोप ते दात. चिरंजिवांचे आराध्यदैवत बास्केटबॉलपटू स्टीफन करी, आणि ते महापुरुष खेळ थांबताच माउथगार्ड अर्धा बाहेर काढून चघळीत उभे राहतात, हे अवघ्या जगाने दूरदर्शनवर पाहिले आहे. आमच्या भक्तास खेळापेक्षा बाकावरच अधिक काळ बसावे लागत असल्याने चघळण्यास अवसरही विपुल. परिणामी चेंडूचा एकही आघात न सोसता तो माउथगार्ड केवळ उपासनेने जर्जर झाला. तात्यांनी चष्मा लावून त्याचा रीतसर पंचनामा केला, तो निकामी ठरविला, आणि नातवाला विचारले, “तुझा तो करी स्वतःच्या पैशानं घेतो, की कंपनी देते?”

चिरंजिवांनी तोंडातली ती वस्तू न काढताच दीर्घ उत्तर दिले. आम्हां उभयतांना त्यातील एक अक्षर उमजले नाही. तात्यांना ते बिनचूक कळले.