दोन्ही वायरींत लाईन

आमच्या घरात तीन टेस्टर आहेत. रंगाचे डबे उघडून उघडून एकाचं टोक वाकलंय. दुसरा शिलाई मशीनच्या खणात तेल पीत पडलेला असतो. तिसरा देव्हाऱ्याखाली उदबत्त्यांच्या पुड्यांत आहे आणि त्याच्यावर घरातल्या सगळ्यांचा विश्वास आहे, कारण तो आजवर कुणी वापरलेला नाही. लाईन तपासायची वेळ आली की तिघांतला एकही सापडत नाही. मग मी शेजारी मागायला जातो. शेजारी सांगतात, "सर, आमचा तर तुमच्याकडंच आहे."

आमच्या वडसा गावात वायरमन मिळत नाही, असं कुणी समजू नये. मिळतो, होळी ते दिवाळी. दिवाळी ते होळी मात्र झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, आणि वडसा हे त्या रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथं, गावोगावच्या मंडळांचं बुकिंग इथं. एकीकडं धान कापून होतं, दुसरीकडं मंडया म्हणजे गावजत्रा आणि बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू होतात, आणि रात्री उघडलेला पडदा कोंबडा आरवल्यावर पडतो. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा इथल्या माणसाला ती आपल्याच घरात आल्यासारखी वाटली. पण स्टेजच्या बाजूला बोर्डाशी बसून नायिकेवर लाल आणि खलनायकावर हिरवा उजेड टाकणाऱ्या माणसाला कोण विचारतो? मी विचारतो. कारण तोच आमचा वायरमन. हंगाम लागला की तो कंपनीच्या गाडीत बसतो आणि जाताना सांगतो, "होळीनंतर भेटू, सर. तोवर काही हात लावू नका जी."

हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्यातलं निम्मं आयुष्य कर्ता आणि कर्म ओळखण्यात गेलं. ज्याला कर्ता-कर्म कळतं त्याला फेज-न्यूट्रल न कळायला काय झालं, अशी माझी समजूत होती. याच समजुतीच्या जोरावर २०१५ साली, सरकारच्या उजाला योजनेतले एलईडी बल्ब घरोघरी पोचू लागले तेव्हा, मी बैठकीतला साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा लावला आणि त्याच झपाट्यात जुनाट बटणसुद्धा बदललं. लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हे मला पाठ होतं. पण दर दिवाळीच्या चुन्यानं आमच्या पट्टीवरच्या वायरिंगमधल्या दोन्ही वायरी पांढऱ्या करून टाकल्या होत्या. मी अंदाजानं जोडल्या. बटण दाबलं, बल्ब लागला. पुन्हा दाबलं, विझला. आणखी काय पाहिजे?

विझला, असं आपलं दिवसा वाटलं. रात्री वैनगंगेपलीकडून, ब्रह्मपुरीहून आलेल्या सासूबाई बैठकीत झोपल्या होत्या. पहाटे त्यांनी सगळ्यांना उठवलं. बटण बंद, आणि बल्बमध्ये मात्र काजव्याएवढा उजेड. "तुमच्या घरात काहीतरी आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या. याच रेल्वेमार्गावर खाली चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. त्यातला थोडा पाझर इथवर येत असेल, असं शास्त्रीय स्पष्टीकरण मी दिलं. ते कुणाला पटलं नाही. होल्डरला लिंबू-मिरची बांधली गेली. रात्री बल्बाच्या उजेडात लिंबूही मंद चमकू लागलं आणि प्रकरण चिघळलं. शेवटी सगळ्यांना त्या उजेडाची सवय झाली. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याची सोयच झाली म्हणा ना.

यंदाच्या दिवाळीला पुण्याहून मुलानं झुंबर पाठवलं. पाच दिव्यांचं, काचेच्या लोलकांचं. पाचही होल्डर चुडीचे, आणि घरातले सगळे बल्ब खटक्याचे, पिनांचे. म्हणजे लावण्याआधीच पाच बल्बांचा खर्च. पण पाहुणे यायचे होते आणि वायरमन कुठल्याशा मंडईत नायिकेवर लाल टाकत होता.

सकाळी नऊला मी कामाला लागलो. बटण बंद केलं. रबरी चप्पल घातली, प्लास्टिकच्या स्टुलावर चढलो आणि होल्डर उघडला. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. टेस्टर एका वायरीला लावला: अंधार. दुसरीला लावला: अंधार. "लाईन नाही!" मी जाहीर केलं. एका हातानं वायर धरली आणि तोल सावरायला दुसऱ्या हातानं पंख्याची लोखंडी कडी.

पुढचं मला बायकोकडून कळलं. तिच्या म्हणण्यानुसार मी "अगं" असं काहीतरी म्हणालो आणि बैठकीत रचलेल्या धानाच्या पोत्यांवर येऊन पडलो. नवं धान होतं, मऊ लागलं. ती धावत आली, माझा चेहरा पाहिला आणि आधी जाऊन मेन बंद केलं. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाच्या घरात एवढं कुणाला तरी कळत होतं, हे बरं.

टेस्टरवरचा माझा विश्वास उडाला. संध्याकाळी मेन लावून, बल्ब पुन्हा बसवून, नुसती खात्री करायला म्हणून मी परत चढलो. या वेळी दोन्ही वायरींवर टेस्टर लुकलुकला. एकीवर जोरात, दुसरीवर जरा लाजत. बटण अजूनही बंदच होतं. सकाळी एकीतही लाईन नव्हती, संध्याकाळी दोघींत! मी वायरमनला फोन लावला. मागं कुणीतरी बापाच्या खुनाचा सूड घेत होता.

"सर, बल्ब काढा न मंग पाहा," तो म्हणाला.

बल्ब काढला. एकच वायर पेटली.

"बटन न्यूट्रलवर देल्लं आहे जी. फेज सरळ बल्बात जाते. बटन बंद केलं तरी होल्डर जिवंत. बल्ब लावला की त्याच्यातूनच लाईन दुसऱ्या वायरीत उतरते, मंग दोनी पेटते. कोनं जोडलं हे?"

"आधीच्या भाडेकरूनं," मी म्हणालो.

"हे तर तुमचं स्वतःचं घर आहे," बायको मागून म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

सासूबाईंच्या भुताचा उलगडाही तिथंच झाला. फेज बल्बाला चोवीस तास चिकटलेली, त्यामुळं किंचित गळती एलईडीला टिमटिमायला पुरत होती. साठ वॅटच्या जुन्या बल्बाला तेवढ्यानं जागही आली नसती.

आणि सकाळी टेस्टर का पेटला नाही? तो बिचारा पेटला होता. टेस्टरमध्ये निऑनचा चिमुकला दिवा आणि साधारण एक मेगओहमचा रोधक असतो. २३० व्होल्टची वीज त्यांतून गाळून येते, टोपीवरच्या बोटातून तुमच्या अंगात शिरते आणि जमिनीत जाते. पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणून जाणवत नाही. म्हणजे दिवा लागायला टेस्टर आणि मास्तर दोघेही सर्किटात लागतात. मी चप्पल घालून प्लास्टिकच्या स्टुलावर उभा राहून माझा अर्धा भाग आधीच काढून घेतला होता. उरलेला मिणमिणता उजेड उन्हानं खाल्ला. मग कडी धरली आणि मीच पूर्ण वायर झालो. "टेस्टर पयले चालू असलेल्या बोर्डावर पेटवून पाहा लागते, सर," तो म्हणाला, "नाही त मरान ना जी." मागं सूड पूर्ण झाला होता. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मी वायरीला न शिवताच चिवचिवणारा पेन विकत आणला. तो बोर्डाजवळ चिवचिवतो, डोक्याला घासलेल्या कंगव्याजवळही चिवचिवतो. मल्टिमीटर आणला, तर तो कुठंच न जोडलेल्या वायरीत सत्तर-ऐंशी व्होल्ट दाखवतो. घरातल्या उपकरणांची संख्या तीनवरून पाचवर गेली, एवढाच फायदा.

नाटकाला दोन दिवस खाडा पडला तेव्हा वायरमन आला. मेन बंद केलं, टेस्ट लॅम्प लावून पाहिला, वायरींची अदलाबदल केली आणि झुंबर टांगलं. वीस मिनिटं लागली. रात्री बटण बंद केल्यावर बैठकीत पहिल्यांदाच खराखुरा अंधार झाला आणि पाणी प्यायला उठलेल्या मला पोतं लागलं.

मेनच्या बाजूला, दिवाळीच्या नव्या चुन्यावर, त्यानं काळ्या मार्करनं लिहून ठेवलंय: "हे बंद केल्याशिवाय सरांनी हात लावू नये." खाली बायकोची सही आहे.