एका वेलीचा शेतकरी

ज्या राज्यात सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही नावं फळवाल्याच्या गाडीवरही ऐकू येतात, त्या राज्यात अंगणात एकच द्राक्षवेल लावणाऱ्याला चार धड गोष्टी सांगायला कोणी तयार नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात रोपवाटिकेपासून होते. "जात कोणती?" विचारलं, तर उत्तर येतं, "काळी." "खुंट कोणता?" "कलमी आहे साहेब, बिनधास्त न्या." अहो, कलमी आहे म्हणूनच विचारतोय! आपल्याकडे बहुतेक कलमं डॉगरिजसारख्या जंगली खुंटावर बांधलेली असतात, कारण तो कमी पाणी आणि खारवट जमीन सोसतो. पण पहिल्या पावसात त्याच खुंटाला जोडाच्या खालून जोरदार फूट येते. तिची पानं कमी कातरलेली असतात, वाढ दुप्पट वेगाने होते आणि घरातले सगळे खूश होतात. वरचा खरा डोळा मात्र उपाशी राहतो. ही फूट दिसताक्षणी बुडापासून मोडायची असते. जोडाला गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी वेळेवर सोडली नाही, तर खोड फुगताना ती सालीत रुतते आणि तिथेच काचते. दोन्ही गोष्टी सांगायला मिनिटही लागत नाही. रोपाचे पैसे मोजून घेताना तेवढा वेळ असायला हरकत नाही.

मग छाटणी. मोबाइलवर शोधलं की थंड देशातले गृहस्थ जानेवारीत निष्पर्ण वेल छाटताना दिसतात. त्यांचं त्यांच्या हवेत बरोबरच आहे. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून तिला दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी; तिच्यानंतर ते घड बाहेर पडतात. जानेवारीत कात्री चालवली, तर भरत आलेले घडच खाली पडतील. नवीन वेलीला तर आधी खोड आणि ओलांडेच घडवायचे असतात: एकच जोमदार फूट बांबूला बांधायची, बगलफुटी काढत राहायच्या आणि मांडवाच्या उंचीला आली की शेंडा मारून दोन्ही बाजूंना वळवायची. हे मराठीत, एका वेलीपुरतं, सोपं करून कोणी का सांगू नये?

औषधाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती एकर?" "एक वेल," म्हटलं की दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. पुड्यावरची मात्राही एकराची नाही तर हेक्टरची. इकडे पावसाळ्यात पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी, म्हणजे केवडा, हजर! तो एकर बघून येत नाही. एक टक्का बोर्डो मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. म्हणजे लिटरला दोन्ही दहा-दहा ग्रॅम. मिश्रण प्लास्टिकच्या बादलीत करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. एवढं काउंटरवर लिहून लावलं, तर कोणाचं काय बिघडेल?

आणि येणारे-जाणारे! फाटकातून आत आले की "द्राक्षं कधी?" विचारतात आणि बोलता बोलता कोवळा शेंडा खुडतात. तो शेंडा म्हणजे पुढचं खोड असतं. तो गेला की बगलेतून नवी फूट घेऊन पुन्हा बांधत बसावं लागतं. फुलझाडाची कळी तोडताना लोक निदान विचारतात तरी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कलमाला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर जातीचं नाव, खुंटाचं नाव, पट्टी कधी सोडायची आणि छाटणीचे दोन महिने लिहा. पुण्याजवळ मांजरी इथे १९९७ पासून द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ज्ञानाची टंचाई आपल्याकडे नक्कीच नाही. ते अंगणापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी रोप विकणाऱ्याने घेतली पाहिजे, आणि घेत नसेल तर गिऱ्हाइकाने चिठ्ठीशिवाय रोप उचलू नये.